चूळ आणि घोट

आमच्या घरात ‘दारू’ हा शब्द दबक्या आवाजातच उच्चारला जाई. थोरल्या काकांनी पिण्यापायी नोकरी घालवली. काकूच्या पाटल्या सराफाकडे गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. त्यामुळे भाचीनं “मावशी, रविवारी गंगापूर धरणाकडे वाईन चाखायला येतेस?” असं विचारलं, तेव्हा मी आधी इकडेतिकडे पाहिलं आणि मगच हो म्हटलं. भाचीनं ड्रायव्हर ठरवला होता, हे बरं केलं.

आम्हा नाशिककरांना द्राक्षं नवी नाहीत. पण आमची ती खायची, थॉमसन सीडलेस. वाईनची द्राक्षं बारीक, बियांची, जाड सालीची. सुलाची पहिली वाईन २००० साली बाजारात आली, २००१ साली सरकारचं द्राक्षप्रक्रिया धोरण आलं आणि हा व्यवसाय इथे फोफावला.

दिवसभरात तीन ठिकाणी मिळून सहा लाल वाईन चाखल्या. काळ्या द्राक्षाचाही गर बहुधा पांढुरकाच असतो. रस सालींसकट आंबवतात, म्हणून तो रंग आणि तो तुरटपणा. जांभळं खाल्ल्यावर जीभ जशी आखडते, तस्सं झालं. शिराझमध्ये मिऱ्याचा वास येतो म्हणाले. मला तो तिसऱ्या पेल्यात सापडला आणि उगाच शाबासकी मिळाल्यासारखं वाटलं!

वास घ्यायचा, घोट तोंडात घोळवायचा आणि चूळ टाकायची, अशी खरी रीत. त्यासाठी टेबलावर भांडंही होतं. पण आम्हा दोघींखेरीज त्याला कुणी हात लावला नाही. शेवटच्या ठिकाणी माहिती देणारा मुलगा म्हणाला, “ही दारू नाही हो, द्राक्षाचाच रस. हृदयाला चांगली.” शेजारच्या तरुणानं लगेच पेला पुन्हा पुढे केला. त्याच्या दुसऱ्या हातात गाडीची किल्ली होती.

माझं भांडण आहे ते या वाक्याशी. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाईन विकायचा निर्णय झाला, तेव्हाही हेच ऐकवलं गेलं. लाल वाईनमध्ये साधारण बारा ते चौदा टक्के अल्कोहोल असतं, नेहमीच्या बिअरच्या दुपटीहून जास्त. हृदयाची गोष्ट १९९१ साली अमेरिकन टीव्हीवरून गाजली. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं की, दारूचं कुठलंच प्रमाण निर्धोक नाही. शेतकऱ्याला चार पैसे मिळावेत, जरूर मिळावेत. पण त्यासाठी दारूला रस कशाला म्हणायचं? बंदी घाला असंही मी म्हणत नाही. काका प्यायले ते दारूबंदीच्या दिवसांतच.

येताना शिराझची एक बाटली घेतली. फडताळात पुढेच ठेवली आहे, डब्यांमागे नाही. पुढच्या रविवारी काकूचा नातू जेवायला येणार आहे. बाटली उघडायच्या आधी त्याला पाटल्यांची हकिगत सांगणार आहे, त्याच्या घरी ती कुणी सांगितली नसणार.