मदत उचलीच्या आधी पोहोचली पाहिजे

रायगड, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतल्या कातकरी वाड्यांवर वर्षातला सर्वांत कठीण काळ म्हणजे भातलावणी संपल्यापासून दसऱ्यापर्यंतचा. लावणीची मजुरी थांबलेली असते आणि कापणीला अवकाश असतो. ओढ्यातले मासे, मुठे, रानभाज्या बाजारात विकून जेमतेम मीठ-मिरची सुटते. अशात पोर तापाने फणफणते, छप्पर कोसळते, गौरी-गणपती येतात. मग घरातला कर्ता वीटभट्टीच्या शेठकडे किंवा कोळसाभट्टीच्या मुकादमाकडे जातो आणि उचल घेतो. दिवाळी झाली की सगळे कुटुंब त्या उचलीपोटी भट्टीवर जाते, ते पावसाच्या तोंडावर परतते.

या वाड्यांवर संस्थांची मदत मात्र बहुधा दिवाळीला पोहोचते. फराळ, कपडे, ब्लँकेटे येतात. देणाऱ्यांची माया खरी असते, पण कुटुंबाचे पुढचे सहा-सात महिने तोवर बांधले गेलेले असतात. कातकऱ्यांमध्ये काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्यापुढे आज ठेवावासा वाटणारा मुद्दा हाच आहे. मदत किती आणि कोणती, याच्याइतकेच ती कोणत्या महिन्यात पोहोचते, याला महत्त्व आहे.

उचलीचा व्यवहार नीट समजून घेतला पाहिजे. भट्टीवर मजुरी हजार विटांमागे ठरते, पण हंगामभर हातात पडते ती आठवड्याची खर्ची. हिशेब होतो हंगामाच्या शेवटी आणि तो शेठच्या वहीतून. आजारपणाचे खाडे, पावसाने भिजलेल्या विटा, मध्येच घेतलेले पैसे वजा होतात आणि अंगावर बाकी निघते. ती फेडायला पुढच्या हंगामात त्याच भट्टीवर यायचे. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ साली झाला. वेठबिगारीचे कर्ज त्याने रद्द ठरवले आणि कर्ज वेठबिगारीचे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सावकारावर टाकली. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेने १९८०च्या दशकात ठाणे जिल्ह्यात हा कायदा हाती घेऊन माणसे सोडवली. पण सुटलेल्या माणसाला पुढच्या भाद्रपदात पैसे कुठून मिळणार, हा प्रश्न कायदा सोडवत नाही. त्याचे उत्तर वाडीतच उभे करावे लागते.

पावसाळ्यातली ही चणचण सरकारलाही ठाऊक होती. म्हणूनच आदिवासी विकास महामंडळामार्फत खावटी कर्जाची योजना आली. ती पुढे बंद पडली. २०२० साली टाळेबंदीनंतर तिच्या जागी एका वर्षापुरते ४ हजार रुपयांचे खावटी अनुदान मंजूर झाले, निम्मे रोख आणि निम्मे वस्तूंच्या रूपात. यातल्या वस्तू अनेक घरांत पोहोचायला पुढचे साल उजाडले. योजनेमागचा विचार बरोबर होता, वेळ चुकली.

आज कातकऱ्यांसाठी पैसा नाही, असे म्हणता येणार नाही. कोलाम आणि माडिया गोंडांबरोबर महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिम जमातींत त्यांची गणना होते. देशातल्या अशा ७५ जमातींसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘पीएम-जनमन’ अभियान सुरू झाले. घरकुलाला २ लाख रुपये मिळतात, तेही बांधकामाचा टप्पा पाहून, हप्त्याहप्त्याने. पण बांधकामाचे दिवस म्हणजे हिवाळा-उन्हाळा आणि तेव्हा घरमालक भट्टीवर दुसऱ्यांच्या घरांसाठी विटा पाडत असतो. शिवाय अनेक वाड्या खाजगी मालकाच्या जमिनीवर आहेत. पायाखालची जागा नावावर नसेल तर घरकुल अडते. जातीचा दाखला नसेल तर अर्जच पुढे सरकत नाही. ही कागदपत्रांची कामेही माणसे वाडीवर असतानाच उरकावी लागतात.

संस्थांचे वर्ष एप्रिलला सुरू होते आणि मार्चअखेर निधी संपवायचा असतो. शिबिरे, मेळावे, पाहणी यांची घाई फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, नेमक्या त्या वेळी वाडीत म्हातारीकोतारी माणसे तेवढी असतात. वाडीचे वर्ष ज्येष्ठात सुरू होते. आपल्या कामाचे वर्षही तिथूनच धरायला हवे. ज्येष्ठात माणसे परतली की हंगामाचा हिशेब त्यांच्याबरोबर बसून मांडावा आणि दाखल्यांची, जागेची प्रकरणे दाखल करावीत. श्रावण-भाद्रपदात धान्य, औषधोपचार आणि अडीनडीची रोख रक्कम हाताशी ठेवावी. दिवाळीआधी कोण कोणत्या भट्टीवर निघाले याची यादी करावी, ‘एक देश, एक रेशन कार्ड’चा लाभ तिथे मिळेल याची खात्री करावी, मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची मागणी वेळेत नोंदवावी. हिवाळ्यात भट्ट्यांवर जाऊन गरोदर बायांची तपासणी आणि बाळांचे लसीकरण होते का, ते पाहावे.

संस्थेनेच पैसे दिले तर ती नवा शेठ बनेल, अशी शंका काही जाणती मंडळी काढतात. शंका रास्त आहे. पण उचलीत जीवघेणी गोष्ट कर्ज ही नाही, कर्जापोटी गहाण पडणारी कुटुंबाची मेहनत ही आहे. रक्कम वाडीतल्या बायकांच्या बचत गटाच्या हाती असेल, कारण आजारपणासारखे ठरलेले असेल आणि परतफेड कामाशी बांधलेली नसेल, तर ती माणसाला मोकळे ठेवते. पावसाळ्यात धान्य उसने देणारा धान्यकोश वाडीत काढला, तर त्याबाबतही असेच सावध असावे. ज्याच्याकडे भातशेती आहे तो सुगीला धान्य परत करू शकतो. भूमिहीन कातकऱ्याला ते जमणारे नाही, त्याच्यासाठी परतफेडीचे नियम निराळे हवेत.

देणगीदारांशी आणि कंपन्यांशी या वर्षी बोलताना एवढी एक अट जरूर घाला, की निधीचा मोठा हिस्सा श्रावणाआधी संस्थेच्या हाती यावा. दिवाळीच्या फराळासाठी ठेवलेले पैसेही शक्य असेल तर गौरी-गणपतीआधी वाडीवर पोहोचवा. एका वाडीतल्या दहा कुटुंबांनी जरी या वर्षी उचल घेतली नाही, तरी दिवाळीनंतर त्यांची मुले शाळेत असतील आणि घरकुलाचे काम त्यांच्या डोळ्यांदेखत होईल.