निकाल आधी, परीक्षा नंतर!

सध्या आपल्याकडे घराला ‘हरित’ म्हणवून घेण्याची एक टूमच निघाली आहे. दसरा-दिवाळी जवळ आली की वर्तमानपत्रांची पाने नव्या सदनिकांच्या जाहिरातींनी भरून जातात. जाहिरातीतली इमारत चकाकत्या काचेची, तिच्या गच्चीवर झाडे आणि कोपऱ्यात कसले तरी तारांकित मानचिन्ह! वीज कमी लागेल, पाणी कमी लागेल, घर उन्हाळ्यात गार राहील, अशी आश्वासने दिलेली असतात. हे कशावरून, असे विचारावे तर उत्तर ठरलेले: “अहो, संगणकावर हिशेब केलेला आहे!” संगणकाचे नाव ऐकले की आपण पोथीपुढे बसल्यासारखे मुकाट्याने हात जोडतो आणि वीस वर्षांच्या कर्जाच्या कागदावर सही ठोकतो.

मला बोलावयाचे आहे ते या हात जोडण्याविषयी.

प्रथमच सांगून टाकतो, संगणकाशी माझे काडीइतकेही वैर नाही. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने ‘एनर्जीप्लस’ नावाची एक गणनप्रणाली करून घेतली आहे. २००१ साली ती प्रथम बाहेर आली आणि कोणालाही ती विनामूल्य मिळते. घराचा नकाशा, भिंतींची जाडी, खिडक्यांच्या दिशा, छपराचा रंग आणि त्या गावचे हवामान तिच्यात भरावे. वर्षाच्या ८,७६० तासांपैकी प्रत्येक तासाला घरात किती उष्णता शिरेल आणि ती बाहेर घालवावयास किती वीज लागेल, हे ती सांगते. पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा दीड हात पुढे काढला तर काय फरक पडेल, हे पहिली वीट बसण्यापूर्वीच कळते. आपल्याकडेही ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीने २०१८ साली ‘इको-निवास संहिता’ काढली आणि थंड मुलूख सोडून इतरत्र भिंती-खिडक्यांतून घरात येणारी उष्णता सरासरीने दर चौरस मीटरला १५ वॅटच्या वर जाऊ नये, असा दंडक घातला. असला दंडक नुसत्या नजरेने पाळता येत नाही. त्याला गणितच लागते. तेव्हा हत्यार उत्तम आहे, याबद्दल वाद नाही.

वाद आहे तो पुढेच. हा हिशेब म्हणजे भाकीत आहे, निकाल नव्हे. परीक्षेपूर्वी मुले अभ्यासाची वेळापत्रके करतात. ती फार देखणी असतात. लाल-निळ्या शाईने आखलेली, पहाटे पाचपासून भरलेली. पण त्या वेळापत्रकावर गुण देऊन पहिला नंबर जाहीर करणारा मास्तर कोणी शाळेत ठेवून घेईल काय? घरांच्या बाबतीत मात्र आपण नेमके हेच चालवून घेत आहो.

संगणक जे घर पाहतो त्यात माणसे शहाण्यासारखी वागतात. संध्याकाळी ती खिडक्या उघडतात आणि वारा आरपार जातो. प्रत्यक्षात दिवेलागणीला डास येतात म्हणून त्या खिडक्या गच्च बंद होतात. संगणकाला बाल्कनी मोकळी दिसते. आपण तिला काच लावून मुलाची अभ्यासाची खोली करतो. सांडपाणी शुद्ध करण्याचे यंत्र नकाशात रात्रंदिवस चालते. सोसायटीत मात्र त्याचे वीजबिल पाहून कमिटी ते बंद ठेवते आणि बागेला टँकरचे पाणी घालते. शेजारच्या भूखंडावर पुढे बारा मजले उभे राहून वारा अडणार आहे, हे त्या बिचाऱ्या प्रणालीला कोणी सांगितलेलेच नसते. यात लबाडी असेलच असे नाही. पण भाकीत आणि अनुभव यांत अंतर पडते, ते असे.

हे अंतर म्हणजे माझ्या कल्पनेचा खेळ नव्हे. ‘लीड’ हे मानांकन मिळालेल्या १२१ अमेरिकन इमारतींची प्रत्यक्ष वीज मोजून २००८ साली एक अहवाल निघाला. सगळ्यांची सरासरी भाकिताच्या जवळपास आली, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण एकेक इमारत घेतली तर कोणी भाकितापेक्षा बरीच काटकसरी, तर कोणी कितीतरी अधिक उधळी! सरासरीवर धोरणे आखता येतात. राहावयाचे मात्र एकाच घरात असते, सरासरीत नव्हे.

आता आपल्या घरचे पाहा. मुंबई व काही क्षेत्रे वगळून राज्यभर लागू झालेल्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीने हरित मानांकनाच्या पायरीप्रमाणे ३, ५ किंवा ७ टक्के वाढीव चटईक्षेत्र देऊ केले आहे. कबूल केलेली पायरी हुकली तर दंडही आहे, आणि तो रास्तच आहे. पण पायरी गाठली की नाही हे पाहावयाचे ते अंतिम भोगवट्याच्या वेळी. आणि भोगवट्याच्या दिवशी घरात असते काय? रंगाचा वास! चूल पेटलेली नसते, पंखा फिरलेला नसते, एक उन्हाळा गेलेला नसतो. वसलेल्या इमारतींसाठीही मानांकने निघाली आहेत, हे मी जाणतो. पण ती ज्याला हवी त्याने घ्यावयाची. बिल्डरला मिळालेले वाढीव मजले मात्र कायमचे!

दुसऱ्या बाजूचे लोकही मला माहीत आहेत. ते म्हणतात, “कशाला हवा संगणक? आमच्या आजोबांचा वाडा पाहा. जाड भिंती, मधला चौक, वैशाखातही गारवा!” वाडा गार होता, खरे. परंतु वीस मजल्यांवर चौक कोठे काढणार? लॉरी बेकर यांनी केरळात विटा उभ्या कडेवर रचून, मध्ये पोकळी ठेवून भिंती बांधल्या; विटा सुमारे चतुर्थांश वाचल्या आणि पोकळीमुळे ऊनही आत यावयास कचरू लागले. ही जुनी-नवी शहाणीव आज उंच इमारतीत कोठे आणि किती चालेल, हे तपासावयाचे तर गणितालाच शरण गेले पाहिजे. आठवणींनी घर गार होत नाही.

मग करावे काय? मीटर पाहावा! ऑस्ट्रेलियात ‘नेबर्स’ हे मानांकन १९९८ पासून प्रत्यक्ष बारा महिन्यांच्या वापरावर देतात. २०१० च्या कायद्याने मोठ्या कचेऱ्या विकताना वा भाड्याने देताना ते जाहीर करणे सक्तीचे झाले. न्यूयॉर्क शहराने २००९ च्या कायद्याने मोठ्या इमारतींचा दर वर्षीचा वापर चव्हाट्यावर मांडावयास लावला. फार दूर कशाला, इन्फोसिसने हैदराबादेत २०११ साली एक इमारत बांधली. तिचा एक अर्धा भाग नेहमीच्या वातानुकूलनाने आणि दुसरा छतातून गार पाणी खेळवून थंड केला, आणि दोन्हींना वेगळे मीटर लावले. दुसऱ्या भागाला थंडाव्यासाठी सुमारे एक तृतीयांश वीज कमी लागली. वादच मिटला! आपल्या ब्युरोनेही २००९ पासून कचेऱ्यांना तारांक दिले ते वर्षभरात दर चौरस मीटरला प्रत्यक्ष जळलेल्या विजेवरून. जे साहेबाच्या कचेरीला लागू, ते आपल्या राहत्या घराला का नसावे?

माझी मागणी साधी आहे. संगणकाचे भाकीत बिल्डरने विक्रीच्या करारालाच जोडावे: इतके युनिट, इतके पाणी. लोक राहावयास आल्यावर तीन वर्षे सोसायटीचा एकूण वापर मोजावा आणि घरोघरची गुपिते न फोडता तो आकडा फाटकावर लावावा. वाढीव चटईक्षेत्राचा अखेरचा हिशेब त्यानंतर व्हावा. भाकीत हुकले तर प्रथम कारण शोधावे, कारण दोष यंत्राचा, बांधणीचा की आपल्याच सवयींचा, हे सांगावयास तोच संगणक पुन्हा कामाला येईल. आज तो घर विकण्यासाठी राबतो आहे. त्याने घर सुधारण्यासाठी राबले पाहिजे.

वाचकहो, या दिवाळीत आपल्यापैकी कोणी नव्या घराची बोलणी करीत असाल, तर मानचिन्ह कितव्या धातूचे आहे हे विचारू नका. त्याच बिल्डरने पाच वर्षांपूर्वी बांधलेल्या इमारतीत जा, तिथल्या एखाद्या गृहिणीला गाठा आणि मे महिन्याचे विजेचे बिल व टँकरचा खर्च विचारा. तिच्याइतका निष्पक्ष परीक्षक तुम्हाला कोठे मिळावयाचा नाही.