झाकणावरून ट्रक



काडेपेट्यांचे घर कसे झाले? कौले नीट बसली ना? आज आपल्याला ट्रक बनवायचा आहे. पण आधीच सांगते, हा ट्रक त्या घरापुढे उभा करू नका. घरापेक्षा ट्रकच मोठा दिसेल! का, ते पुढे कळेल. आणि हो, आज मला माझी एक चूकसुद्धा तुम्हाला सांगायची आहे. बाई चुकतात का? चुकतात. चांगल्या सपशेल चुकतात.

आमच्या पनवेलच्या मुलांना ट्रक म्हणजे काय ते शिकवावे लागत नाही. पळस्पे फाट्यावर पाच मिनिटे उभे राहिले की पुरे. पुण्याहून आलेले, गोव्याकडे वळणारे, कळंबोलीच्या लोखंड बाजारातून सळया भरून निघालेले, आणि न्हावा-शेवा बंदरातून कंटेनर घेऊन येणारे लांबच लांब ट्रेलर. हे बंदर १९८९ साली सुरू झाले आणि तेव्हापासून आमच्या रस्त्यांना विसावा म्हणून नाही. विमानतळासाठी उलव्याची टेकडी फोडण्याचे काम चालू होते, तेव्हा डंपरही होते. आमच्या वर्गात अशी मुले आहेत की, खिडकीबाहेर न बघता नुसत्या आवाजावरून गाडी कोणती ते सांगतात. (पाढे विचारले की मात्र खिडकीबाहेर बघतात!)

तर झाले असे. गेल्या वर्षी चौथीच्या वर्गाला हस्तकलेसाठी मी ‘वाहन’ हा विषय दिला. अट एकच घातली, वाहन प्रमाणात हवे. नकाशात कसे, एक सेंटिमीटर म्हणजे अमुक किलोमीटर असे लिहिलेले असते? तसेच. मी सांगितले, एकास पन्नास हे प्रमाण घ्या. म्हणजे खरी गाडी आपल्या गाडीच्या पन्नास पट. खऱ्या गाडीचा एक मीटर म्हणजे आपले दोन सेंटिमीटर. हिशेब सोपा. जगभर क्रेन, डंपर, मोठे ट्रक यांची धातूची मॉडेल्स बहुधा याच प्रमाणात मिळतात, तेव्हा माझे काही चुकले नव्हते. निदान तोपर्यंत तरी.

वर्गात एक मुलगा आहे, त्याचे वडील कंटेनरचा ट्रेलर चालवतात. आठ-आठ, दहा-दहा दिवस घरी नसतात. या मुलाने कंटेनर केला तो अगदी मापात. खरा चाळीस फुटी कंटेनर १२.१९ मीटर लांब असतो. पन्नासने भागले तर २४.४ सेंटिमीटर. मी पट्टी लावून पाहिली, बरोबर! पण खाली चाके म्हणून त्याने लावली होती सोड्याच्या बाटलीची झाकणे. गाडी अशी दिसत होती, जशी बाळाने बाबांच्या चपला घातल्यात.

मी म्हटले, “अरे, चाकं फार मोठी झाली. काढ ती. बटणं लाव.”

तो हळूच म्हणाला, “बाई, चाकं बरोबर आहेत. गाडीच लहान झालीय.”

सगळा वर्ग हसला. आणि मुलांनो, मीही हसले. त्याने काही न बोलता एकेक झाकण ओढून काढले. फेविकॉल पक्का बसला होता. शेवटच्या झाकणाबरोबर पुठ्ठ्याचा कोपराही फाटून आला. तो फाटलेला ट्रक त्याने दप्तरात घातला आणि जागेवर जाऊन बसला.

घरी आल्यावर ते वाक्य काही डोक्यातून जाईना. गाडीच लहान झालीय! रात्री कागद घेऊन बसले. ट्रकच्या टायरवर बाजूला आकडे लिहिलेले असतात. जुन्या पद्धतीचा १०.००-२० असा टायर म्हणजे सुमारे दहा इंच रुंद आणि वीस इंची रिमवर बसणारा. त्याची उंची भरते साधारण १०५ सेंटिमीटर. पन्नासने भागले, आले २.१. झाकण मोजले, ३ सेंटिमीटर. म्हणजे माझेच खरे होते की! मग हा पोरगा म्हणतो काय?

दुसऱ्या दिवशी त्याला जवळ बोलावून विचारले. त्याने छातीवर हात ठेवला. “पप्पांच्या गाडीचं चाक माझ्या इथपर्यंत येतं. आम्ही टेपनं मोजलं, एकशे पाच. झाकण तीन. एकशे पाच भागिले तीन, पस्तीस. तुम्ही पन्नास सांगितलं म्हणून डबा पन्नासनं केला. पण पन्नासची गोल चाकं कुठं मिळतात? पस्तीसची फुकट मिळतात.”

आले का लक्षात? मी प्रमाण ठरवले होते आणि त्याप्रमाणे चाक शोधायला सांगत होते. तो चाक हातात घेऊन प्रमाण शोधत होता. पुठ्ठा काय, हवा तेवढा कापता येतो. पण सारख्या मापाची, गोल, गुळगुळीत, कडेला टायरसारख्या रेघा असलेली चाके घरी करून बघा, म्हणजे कळेल. जे बदलता येत नाही त्यावरून आधी माप धरायचे, बाकीचे त्याच्यामागून. शितावरून भाताची परीक्षा करतात, तशी ही झाकणावरून ट्रकची. मी वर्गासमोरच त्याला म्हटले, “तुझं बरोबर होतं, माझं चुकलं.” मग आम्ही दोघांनी मिळून नवा पुठ्ठा घेतला.

आता गंमत ऐका. जपानमध्ये शिझुओका नावाच्या शहरात तामिया ही मॉडेल्स बनवणारी कंपनी आहे. १९६१ साली त्यांनी जर्मनीच्या पँथर रणगाड्याचे प्लॅस्टिकचे मॉडेल काढले. रणगाडा मोटारीवर चालायला हवा होता, म्हणजे पोटात सेल बसायला हवेत. सेल तर लहान करता येत नाहीत! म्हणून सेल बसतील एवढा रणगाडा केला आणि मग प्रमाण मोजले, ते आले एकास पस्तीस. पुढे इतर कंपन्यांनीही तेच उचलले. आज जगभरातले हौशी लोक लष्करी ट्रक, जीप, रणगाडे सर्वांत जास्त याच प्रमाणात जोडतात. मी हे वर्गात सांगितले तेव्हा आमचा ट्रेलरवाला लगेच म्हणाला, “म्हणजे त्यांचं झाकण म्हणजे सेल!”

तर आपले माप हे असे. पस्तीसने भागले की चाळीस फुटी कंटेनरची लांबी येते ३४.८ सेंटिमीटर, रुंदी ७ आणि उंची ७.४. वीस फुटी हवा असेल तर लांबी १७.३, बाकी तेच. दुकानातले पातळ पांढरे कार्डबोर्ड आणू नका, वाण्याकडचे खोके आणा. त्याच्या वरच्या कागदावरून ओला फडका फिरवा, पाच मिनिटे थांबा आणि कागद अलगद सोला. आतून पन्हाळ्या निघतील, अगदी कंटेनरच्या पत्र्यासारख्या. त्या उभ्या येतील असाच पुठ्ठा कापायचा, आडव्या नव्हे. सोलताना पन्हाळी फाटली तर वाईट वाटून घेऊ नका, कंटेनर ठोकर खाल्लेलेच असतात.

आणि जगातल्या सगळ्या कंटेनरची मापे अशी ठरावीक का, माहीत आहे? ही कल्पना रुजवली ती एका ट्रकवाल्याने! अमेरिकेतले माल्कम मॅक्लीन हे ट्रकच्या धंद्यातले. ट्रकमधून एकेक पोते, एकेक पेटी उतरवून जहाजात चढवायची, यात दिवस जायचे. त्यापेक्षा माल भरलेली पेटीच अख्खी उचलून जहाजावर ठेवली तर? १९५६ साली ‘आयडियल एक्स’ या जहाजावर अशा ५८ पेट्या चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला नेल्या. पुढे सगळ्या जगाने मापे ठरवून घेतली, म्हणूनच चीनमध्ये भरलेली पेटी न्हावा-शेव्याला आपल्या ट्रेलरवर बरोबर बसते. तुमच्या मित्राने केलेला कंटेनरही तुमच्या ट्रेलरवर बसला पाहिजे. नाही बसला तर दोघांपैकी कुणाची तरी पट्टी सरकली!

चाकांचे एक गुपित सांगते. झाकणाची जाडी असते दीड ते दोन सेंटिमीटर. एका टायरला ती फार झाली. पण ट्रकच्या मागच्या बाजूला टायर जोडीने असतात ना? त्या जोडीला ती बरोबर शोभते. म्हणून मागे एका जोडीसाठी एकच झाकण, मधोमध काळ्या रंगाची खोल रेघ. पुढच्या दोन चाकांसाठी मात्र झाकण अर्धे कापावे लागते. ते काम आईबाबांचे, तुम्ही ब्लेडला हात लावायचा नाही. तीन आसांचा ट्रेलर आणि दोन आसांचा घोडा धरला तर एकूण दहा झाकणे लागतात. घोडा म्हणजे काय? ड्रायव्हर मंडळी इंजिनाच्या पुढच्या भागाला घोडा म्हणतात. तो ट्रेलरला चिकटवून टाकू नका! ट्रेलरखाली काडीचा तुकडा उभा चिकटवा, घोड्याच्या पाठीला भोक पाडा आणि काडी त्यात सोडा. मग वळणावर घोडा आधी वळेल आणि ट्रेलर मागून आत कापत येईल. हे एकदा जमिनीवर खडूने रस्ता काढून करून पाहा. वळणाऱ्या ट्रेलरच्या आतल्या बाजूला सायकल का घालायची नाही, ते तुम्हाला आपोआप दिसेल.

मागे काय लिहाल? ‘हॉर्न ओके प्लीज’? थांबा. आपल्या महाराष्ट्रात २०१५ साली ते लिहायला बंदी झाली, उगाच भोंगे वाजतात म्हणून. गाडी त्याआधीची आहे असे ठरवलेत, तर खुशाल लिहा.

ज्यांना लष्करी ट्रक करायचा आहे त्यांनी ‘शक्तिमान’ करा. टीव्हीवरचा गिरक्या घेणारा नव्हे हं! त्याच्या कितीतरी आधी, १९५९ साली, जबलपूरच्या कारखान्यातून शक्तिमान नावाचा ट्रक बाहेर पडला. जर्मनीच्या मान कंपनीचा आराखडा, बांधणी आपल्याकडची. चारही चाकांना इंजिनाचा जोर, म्हणून चिखलातून, चढावरून निघायचा. १९९६ साली तो बनवणे बंद झाले आणि पुढे त्याचे काम चपट्या नाकाच्या स्टॅलियनने घेतले. मला विचाराल तर शक्तिमानचे ते लांब गोलसर नाकच छान. ते पुठ्ठ्याचे होत नाही, कागदाच्या लगद्याचे करा आणि दोन दिवस वाळू द्या. रंग पोस्टर कलरचाच, हिरव्यात थोडा तपकिरी. ऑइलपेंट चमकतो आणि लष्करी गाडी चमकून कशी चालेल? नंबर लिहिताना सुरुवातीला वर टोक असलेला बाण काढा, लष्कराच्या गाडीची ती खूण. मात्र खऱ्या लष्करी गाडीजवळ टेप घेऊन जायचे नाही. लांबूनच बघायचे. जवळून बघायची हौस असेल तर सहलीला अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला चला. तिथे लष्कराचे रणगाडा संग्रहालय १९९४ पासून आहे.

पालकांना एक विनंती. उभ्या ट्रकचे माप घ्यायचे तर ड्रायव्हरकाकांना विचारून, इंजिन बंद असताना, तुम्ही सोबत असतानाच घ्या. गाडीखाली तर मुलांना जाऊच देऊ नका. आणि कृपा करून रात्री बसून तुम्हीच ट्रक पुरा करू नका. आम्हाला ओळखता येतो.

आमचा नवा ट्रेलर आता वर्गातल्या कपाटावर आहे. परवा त्या मुलाने त्याच्याशेजारी मातीचा एक माणूस आणून उभा केला, ड्रायव्हर. मला तो जरा उंच वाटला. “अरे, हा...” असे मी म्हणणार होते, पण थांबले. पट्टी घेतली. पाच सेंटिमीटर. तळहातावर पेनाने गुणाकार केला, पाच गुणिले पस्तीस, एकशे पंचाहत्तर.

“पप्पा केवढे आहेत रे तुझे?”

“एकशे पंचाहत्तर, बाई. ते घरी आले तेव्हा भिंतीला उभं करून मोजले.”

पुढच्या आठवड्यात भेटू. तोवर झाकणे गोळा करा.

तुमच्या बाई