काळोखाच्या तुकड्यावर दहा दिवस

वैशाखातील एखाद्या निरभ्र रात्री गच्चीवर उभे राहून उत्तरेकडे पाहिले, तर सप्तर्षींची आकृती सहज ओळखू येते. त्या तारकासमूहातच काळोखाचा एक चिमुकला तुकडा आहे. नुसत्या डोळ्यांना तेथे काहीच दिसत नाही. नेमक्या त्याच जागेवर १९९५ च्या डिसेंबरात हबल अवकाश दुर्बीण सलग दहा दिवस रोखून ठेवण्यात आली.

हा निर्णय सोपा नव्हता. हबलचा वेळ मिळावा म्हणून जगभरचे शास्त्रज्ञ अर्ज करीत आणि त्यांतील बहुतेकांच्या पदरी नकार येई. शिवाय १९९० मध्ये ही दुर्बीण अवकाशात गेली, तेव्हा तिच्या २.४ मीटर व्यासाच्या आरशाच्या कडेला केसाच्या जाडीच्या सुमारे पन्नासाव्या हिश्श्याइतकी चूक राहिल्याचे उघड झाले होते. चित्रे अंधुक आली आणि जगभर नाचक्की झाली. १९९३ च्या अखेरीस अंतराळवीरांनी तो दोष निवारला. तरी एकदा गेलेली पत जपूनच सांभाळावी लागते. अशा वेळी दुर्बिणीचे काम पाहणाऱ्या संस्थेचे संचालक रॉबर्ट विल्यम्स यांनी आपल्या अधिकारातील वेळ या रित्या दिसणाऱ्या जागेवर खर्ची घालण्याचे ठरविले. दूरच्या दीर्घिका इतक्या अंधुक असतील, की हाती काहीच लागणार नाही, असे काही नामवंत खगोलशास्त्रज्ञांनी बजावले. विल्यम्स ठाम राहिले.

पृथ्वीभोवतीच्या १५० फेऱ्यांत एकूण ३४२ चित्रे टिपली गेली. दुर्बीण वातावरणाच्या वर असल्याने हवेच्या हेलकाव्यांनी प्रकाश थरथरत नाही, आणि ठरावीक ताऱ्यांवर लक्ष ठेवून ती आपली दिशा ढळू देत नाही. आरशाने गोळा केलेला प्रकाश कॅमेऱ्यातील सिलिकॉनच्या चकतीवर पडतो. तेथे त्याचे विद्युतभारात रूपांतर होते आणि प्रत्येक बिंदूवर किती भार जमा झाला, त्याचे आकडे रेडिओलहरींवरून पृथ्वीवर येतात. शास्त्रज्ञांच्या हाती प्रथम पडते ती अशी आकड्यांची खतावणी.

तिच्यात खोट्या नोंदीही असतात. अवकाशातून येणारे वेगवान कण कॅमेऱ्यावर आदळून ताऱ्यांसारखे ठिपके उमटवितात. मात्र तोच ठिपका दुसऱ्या चित्रात त्याच जागी उमटत नाही. म्हणून अनेक चित्रे एकमेकांशी ताडून पाहिली, की खोटे गळून पडते आणि खरे तेवढे शिल्लक राहते. कॅमेऱ्याला रंगही कळत नाहीत. निळ्या, तांबड्या अशा वेगवेगळ्या गाळण्यांतून घेतलेल्या कृष्णधवल चित्रांना ते ते रंग देऊन ती एकत्र जुळविली, म्हणजे रंगीत छायाचित्र सिद्ध होते.

हात लांब करून बोटांत वाळूचा एक कण धरावा, तर तो जेवढे आकाश झाकील, साधारण तेवढाच तो तुकडा. त्यात सुमारे ३००० दीर्घिका निघाल्या! त्यांतील कित्येकींचा प्रकाश आपली पृथ्वी घडण्यापूर्वीच वाटेला लागला होता.

निरीक्षण करणाऱ्याने आपली माहिती साधारण वर्षभर स्वतःकडे राखून ठेवावी, अशी तेव्हाची रीत होती. विल्यम्स यांनी मात्र १९९६ च्या जानेवारीतच सारे काही जगाला खुले केले. जोखीम त्यांनी आपल्या शिरावर घेतली आणि लाभ सर्वांमध्ये वाटला. पुढच्या वेळी सप्तर्षी दिसले, की त्यांतील काळोखाकडेही क्षणभर पाहावे.