खासगी जेटचे पायलट व्हायचंय? आधी ‘नाही’ म्हणायला शिका

बारावीच्या निकालानंतर ‘मला पायलट व्हायचंय’ हे वाक्य ज्या घरात ऐकू येते, तिथले पुढचे प्रश्न ठरलेले असतात. खर्च किती येईल? नोकरी इंडिगोत मिळेल की एअर इंडियात? या दोन नावांपलीकडेही पायलटला काम आहे, हे फार थोड्या घरांत ठाऊक असते. उद्योगपती, नेते, सिनेकलाकार, कधी लग्नाची पाहुणेमंडळी तर कधी अत्यवस्थ रुग्ण यांना घेऊन जाणारी छोटी विमाने चालवणाऱ्या पायलटांचा एक वेगळाच वर्ग आहे. या कामाचे देशातले एक मोठे केंद्र आहे दिल्ली. तुमच्या घरात कुणी या वाटेचा विचार करत असेल, तर आजचा लेख त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठीही.

आधी तीन प्रकार समजून घ्या

पहिला प्रकार म्हणजे मालकाचे स्वतःचे विमान. ते त्याच्या किंवा त्याच्या कंपनीच्या कामासाठीच उडते, भाड्याने देता येत नाही.

दुसरा प्रकार चार्टर. आपण गावी जायला गाडी ठरवतो, तसे विमान ठरवायचे. यासाठी कंपनीकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा ‘एनएसओपी’ हा परवाना लागतो. वेळापत्रक नसलेली सेवा चालवण्याचा हा परवाना.

तिसरा प्रकार भागीदारीचा, ज्याला ‘फ्रॅक्शनल’ म्हणतात. एका विमानाचे हिस्से करून ते अनेकांना विकायचे आणि प्रत्येकाला हिश्शाप्रमाणे उड्डाणाचे तास द्यायचे. १/१६ हिस्सा घेतला तर वर्षाला साधारण ५० तास. ही कल्पना अमेरिकेत नेटजेट्सने १९८६मध्ये रुजवली आणि १९९८मध्ये वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेने ती कंपनीच विकत घेतली. तिकडे अशा कंपन्यांचा ताफा शेकडो विमानांचा असतो आणि पायलटला सात दिवस काम, सात दिवस सुट्टी असे आखीव वेळापत्रक मिळू शकते.

आपल्याकडे चित्र वेगळे आहे. दिल्लीच्या क्लब वन एअरने २००५च्या सुमारास भागीदारीचा प्रयोग सुरू केला. २०१४मध्ये कनिका टेकरीवाल यांनी दिल्लीतूनच जेटसेटगो उभी केली आणि खासगी विमान ऑनलाइन ठरवण्याची सवय लोकांना लावली. पण भारतातले भागीदारीचे ताफे लहान आहेत. त्यामुळे मालक एक असो वा दहा, पायलटचे रोजचे काम चार्टरसारखेच राहते.

दिल्लीच का?

मंत्रालये आणि राजकीय पक्षांची मुख्यालये इथे आहेत. गुरुग्राम आणि नोएडात मोठ्या कंपन्यांची कार्यालये आहेत. बिहार, उत्तर प्रदेशापासून ईशान्येपर्यंतचे रुग्ण इथल्या मोठ्या रुग्णालयांत आणले जातात. निवडणुका जाहीर झाल्या की एकही विमान रिकामे उभे दिसत नाही. इंदिरा गांधी विमानतळावर सप्टेंबर २०२०मध्ये खास खासगी विमानांसाठी वेगळे टर्मिनल सुरू झाले, ते याच मागणीमुळे. आणि पायलटच्या परवान्याचा कारभार पाहणाऱ्या डीजीसीएचे मुख्यालयही सफदरजंग विमानतळासमोर, दिल्लीतच आहे.

पायऱ्या कोणत्या?

सुरुवात सगळ्यांची सारखीच. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवे. हे विषय घेतले नसतील तर ते राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून देता येतात. या संस्थेचे मुख्यालय नोएडात आहे.

त्यानंतर वैद्यकीय तपासणी. आधी क्लास २, मग क्लास १. इथे एक सल्ला मनावर घ्या. फ्लाइंग स्कूलची फी भरण्याआधी क्लास १ तपासणीही करून घ्या. डोळे, कान, हृदय यांपैकी कुठे अडचण असेल, तर ती लाखो रुपये गुंतवण्याआधी कळलेली बरी.

कमर्शियल पायलट लायसन्स, म्हणजे सीपीएलसाठी वय किमान १८ आणि उड्डाणाचे २०० तास लागतात. नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, हवाई नियम आणि विमानाची तांत्रिक माहिती यांच्या लेखी परीक्षा असतात. रेडिओवर बोलण्याचा परवाना वेगळा. प्रशिक्षण गोंदियाच्या राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्थेत घ्या, रायबरेलीजवळच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमीत घ्या किंवा परदेशात, एकूण खर्च ५० लाखांच्या घरात किंवा त्याहून वर जातो.

यापुढची पायरी अनेकांना उशिरा कळते. सीपीएल असलेला पायलट ५,७०० किलोपर्यंतच्या विमानाचा कॅप्टन होऊ शकतो. त्याहून जड विमानात तो को-पायलट म्हणून बसतो. मोठ्या जेटचा कॅप्टन व्हायला एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट लायसन्स, म्हणजे एटीपीएल लागते. त्यासाठी वय किमान २१ आणि १,५०० तासांचा अनुभव हवा. शिवाय फाल्कन वेगळे, चॅलेंजर वेगळे, सायटेशन वेगळे. प्रत्येक जेटसाठी ‘टाइप रेटिंग’ हे स्वतंत्र प्रशिक्षण घ्यावे लागते. त्याचे सिम्युलेटर बहुतेकदा परदेशात असते आणि त्याचा खर्च पुन्हा काही लाखांचा असतो.

चार्टरमध्ये येणारे लोक साधारण तीन वाटांनी येतात. काही जण नवा सीपीएल घेऊन थेट को-पायलट होतात. काही जण विमान कंपनीत बरीच वर्षे काढून येतात. तिसरी वाट हवाई दलाची. राष्ट्रपती आणि पंतप्रधानांना नेणारे हवाई दलाचे कम्युनिकेशन स्क्वाड्रन पालमलाच आहे. वाहतुकीची विमाने चालवलेले अनेक अधिकारी निवृत्तीनंतर नागरी परवाना घेऊन या क्षेत्रात येतात.

मुलींच्या पालकांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगते. भारतातल्या पायलटांमध्ये महिलांचे प्रमाण सुमारे १५ टक्के आहे आणि ते जगात सर्वाधिक असणाऱ्या देशांत मोडते.

दिवस कसा जातो?

विमान कंपनीत पायलट येतो, तेव्हा उड्डाणाचा आराखडा, हवामानाचा अहवाल, इंधनाचा हिशेब बराचसा तयार असतो. छोट्या चार्टर कंपनीत यातले पुष्कळ काम पायलटच्या अंगावर पडते. जायचे त्या विमानतळाची परवानगी मिळाली का, तिथे इंधन आहे का, रात्री धावपट्टीवर दिवे असतात का, हे सगळे पाहायचे. जेवणाचे डबे चढले का तेही पाहायचे आणि वेळ आली तर बॅगाही उचलायच्या.

दुपारी दोनला निघायचे ठरते आणि पाहुणे संध्याकाळी सहाला येतात. आज शिर्डी, उद्या देहरादून, परवा मस्कत. घरच्या वाढदिवसाला हजर राहण्याचा शब्द देता येत नाही. मात्र कामात विविधता भरपूर असते. नवे विमानतळ, डोंगरातल्या धावपट्ट्या, वेगवेगळे देश पाहायला मिळतात. ज्यांना रोजचे एकसुरी वेळापत्रक नकोसे वाटते, ते या कामात रमतात.

मागच्या सीटवरचे दडपण

आता सर्वात महत्त्वाचे. विमान कंपनीच्या पायलटला प्रवासी ओळखत नाहीत. चार्टरमध्ये पाच फुटांवर बसलेला माणूस मंत्री असतो, उद्योगपती असतो किंवा खुद्द विमानाचा मालक. त्याची सभा असते, करार असतो, मुहूर्त असतो. आणि समोर काळे ढग असतात.

दिल्लीचे हवामान इथे रोज परीक्षा घेते. डिसेंबर-जानेवारीत दाट धुके, मे-जूनमध्ये धुळीची आंधी, मग पावसाळी ढग. धुक्यात उतरण्यासाठी दिल्लीला अत्याधुनिक कॅट-३ यंत्रणा आहे. पण ती वापरायला विमान सज्ज आणि पायलट खास प्रशिक्षित लागतो. विमान कंपन्यांची बरीच विमाने तशी असतात, अनेक छोटी जेट नसतात. म्हणजे बाजूच्या धावपट्टीवर एअरबस उतरत असताना तुम्हाला मात्र जयपूरला वळावे लागू शकते. मागे बसलेल्या पाहुण्यांना हे समजावणे सोपे नसते.

३० सप्टेंबर २००१ रोजी माधवराव शिंदे दिल्लीहून कानपूरच्या सभेला निघाले होते. खराब हवामानात त्यांचे किंग एअर सी-९० विमान मैनपुरी जिल्ह्यात कोसळले आणि आठही जण गेले. कधीकाळी देशाचे नागरी विमान वाहतूक मंत्री राहिलेला हा मराठी नेता. त्याच खात्याची धुरा पुढे २०२१ ते २०२४ त्यांचे पुत्र ज्योतिरादित्य यांनी सांभाळली.

२५ मे २०११च्या वादळी रात्री पाटण्याहून रुग्ण घेऊन दिल्लीला येणारे एक इंजिनाचे पिलाटस विमान फरीदाबादच्या वस्तीत पडले. विमानातले सात आणि जमिनीवरचे तीन, असे दहा जण दगावले. जवळपास पाच वर्षांनी, २४ मे २०१६ रोजी, पाटण्याहूनच येणाऱ्या दुसऱ्या एअर अँब्युलन्सची दोन्ही इंजिने दिल्लीजवळ बंद पडली. पायलटने ते विमान नजफगढजवळच्या शेतात उतरवले आणि सातही जण वाचले.

ही उदाहरणे कुणाला दोष देण्यासाठी सांगितलेली नाहीत. प्रत्येक अपघाताची कारणे वेगळी असतात. पण या क्षेत्रात उतरणाऱ्याला एक गोष्ट आधीच ठाऊक हवी. हवेत कौशल्य कामी येते, तसा जमिनीवर नकार कामी येतो. ‘सर, आज दोन तास थांबावे लागेल’ किंवा ‘आज जाता येणार नाही’ हे कॅप्टनला शांतपणे सांगता आले पाहिजे. नियमही त्याच्याच बाजूने आहेत. उड्डाणाचा अंतिम निर्णय कॅप्टनचा असतो आणि अतिमहत्त्वाच्या व्यक्तींच्या उड्डाणांसाठी डीजीसीएच्या वेगळ्या सुरक्षा सूचना आहेत.

मग नकार अवघड का जातो? कारण बहुतेकदा पैशांत असते. प्रशिक्षणासाठी घर गहाण पडलेले असते. टाइप रेटिंगचा खर्च कंपनीने केला, म्हणून काही वर्षांचा बाँड असतो. एनएसओपी एका विमानावरही मिळतो, त्यामुळे कित्येक कंपन्यांकडे एक-दोनच विमाने असतात. ते विमान विकले गेले तर हातातले टाइप रेटिंग कामाचे राहीलच असे नाही. इतके ओझे असलेल्या तरुण को-पायलटच्या तोंडून ‘नाही’ निघायला फार धैर्य लागते.

सही करण्याआधी हे विचारा

* कंपनीकडे विमाने किती आणि एकाच जातीची आहेत का? एक विकले गेले तर दुसरे काम मिळेल का?
* टाइप रेटिंगचा खर्च कोण करणार? बाँड किती वर्षांचा आणि विमानच राहिले नाही तर त्याचे काय?
* दर सहा महिन्यांची चाचणी आणि सिम्युलेटर वेळेवर होते का?
* पाहुण्यांची वाट पाहण्याचे तास ड्युटीत धरतात का? ठरलेली सुट्टी लेखी मिळते का?
* आणि शेवटचा प्रश्न मुलाखतीत नाही, तिथे उडणाऱ्या पायलटना खासगीत विचारा: हवामानामुळे शेवटचे उड्डाण कधी रद्द झाले आणि त्या कॅप्टनचे पुढे काय झाले?

या शेवटच्या प्रश्नाला ‘काही नाही, दुसऱ्या दिवशी गेलो’ असे उत्तर आले तर कंपनी चांगली आहे. उत्तर टाळले गेले, तर पगार कितीही असो, पुन्हा विचार करा.

पालकांनो, तुमचाही यात वाटा आहे. कर्ज इतकेच काढा, की वेळ आली तर मुलाला किंवा मुलीला नोकरी सोडता येईल. आणि एखाद्या दिवशी ‘आज उड्डाण रद्द केलं, मालक रागावलेत’ असा फोन आला, तर ‘बरं केलंस’ एवढेच म्हणा.