जनुके आपली, मोजपट्टी परक्यांची

घाटकोपर वा मुलुंडच्या गृहसंकुलात एकाच मजल्यावर कच्छी, कोकणी, तामीळ आणि उत्तर भारतीय कुटुंबे शेजारी नांदतात. अंधेरी-बोरिवलीतही चित्र निराळे नाही. भाषा आणि स्वयंपाक वेगळा असला तरी मधुमेहाने यांपैकी कोणालाही वगळलेले नाही. मुंबई महापालिकेने जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने २०२१ मध्ये केलेल्या पाहणीत १८ ते ६९ वयोगटातील सुमारे १८ टक्के मुंबईकरांची उपाशीपोटीची रक्तशर्करा मधुमेहाच्या पातळीवर आढळली.

बैठे काम, अवेळी जेवण आणि लोकलची दगदग ही कारणे नेहमी सांगितली जातात. ती खोटी नाहीत. मात्र अपुरी आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आपलेच उदाहरण मांडले होते. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती. वजनकाट्याला न दिसणारी ही तफावत भारतीयांच्या मधुमेहामागील एक कळीचा मुद्दा आहे.

त्यात आनुवंशिकतेचा वाटा किती? आइसलँडमध्ये २००६ साली उजेडात आलेल्या टीसीएफ७एल२ या जनुकाचा मधुमेहाशी असलेला संबंध पुढच्याच वर्षी पुण्यातील रुग्णांमध्येही सिद्ध झाला. एफटीओ या जनुकाची कथा मात्र वेगळी निघाली. युरोपीयांमध्ये ते मुख्यतः वजन वाढवून मधुमेहाकडे नेते. भारतीयांमध्ये हा संबंध केवळ वजनाने उलगडत नाही, असे २००९ मध्ये पुण्याच्याच अभ्यासातून दिसले. २०११ मध्ये दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांवरील संशोधनात मधुमेहाशी निगडित आणखी सहा जनुकीय स्थाने सापडली. शोध घेतला तर उत्तरे मिळतात, हाच याचा अर्थ.

अडचण आहे ती शोधाच्या व्याप्तीची. २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे २५ लाख लोकांच्या माहितीवर आधारलेल्या अभ्यासातही निम्म्याहून अधिक जण युरोपीय वंशाचे होते. शिवाय ‘दक्षिण आशियाई’ हा काही एकजिनसी गट नव्हे. पिढ्यानपिढ्या समूहांतर्गत विवाह होत आल्याने एका समूहात दुर्मीळ असलेला जनुकीय बदल दुसऱ्यात वारंवार आढळू शकतो. २०१७ मध्ये तपासलेल्या २६३ दक्षिण आशियाई समूहांपैकी ८१ समूहांत या बंदिस्तपणाचा ठसा फिनलंडच्या लोकांपेक्षाही ठळक होता. जनुकीयदृष्ट्या उपनगरातला शेजारी दिसतो तितका जवळचा असेलच असे नाही.

याचे व्यावहारिक परिणाम गंभीर आहेत. लाळेच्या नमुन्यावरून मधुमेहाचा धोका वर्तविणाऱ्या चाचण्या आता बाजारात आहेत. युरोपीय माहितीवर बेतलेले असे गुणांक इतर वंशीयांत कमी अचूक ठरतात. ‘धोका कमी’ हा शेरा वाचून कोणी रक्ततपासणी टाळली, तर तो दिलासा महागात पडेल.

‘जीनोम इंडिया’ प्रकल्पात ८० हून अधिक समूहांतील सुमारे १० हजार भारतीयांच्या जनुकसंचाचे वाचन झाले, ही स्वागतार्ह पायाभरणी आहे. तिच्यावर इमारत उभी राहायची तर जनुकांच्या जोडीला रक्तशर्करेच्या दीर्घकालीन नोंदी हव्यात. राजावाडी, कूपरसारख्या पालिका रुग्णालयांत साऱ्या समाजांचे रुग्ण येतात. त्यांची संमती घेऊन आणि गोपनीयता जपून अशा नोंदी ठेवल्या, तर उपनगरांइतकी वैविध्यपूर्ण प्रयोगभूमी शोधूनही सापडणार नाही. मात्र कोणत्याही जातीवर वा समाजावर रोगाचा शिक्का बसणार नाही, ही दक्षता पहिली अट असली पाहिजे.

तोवर साधी मोजपट्टीच अधिक विश्वासार्ह आहे. पुरुषांचा कमरेचा घेर ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटर ओलांडत असेल, किंवा आई-वडिलांपैकी कोणाला मधुमेह असेल, तर बारीक अंगकाठीवर विसंबून चालणार नाही. जनुके बदलता येत नाहीत. तपासणीची वेळ मात्र आपल्या हाती आहे.