खाडी ३५ मिनिटांची, रांग किती तासांची?



गेल्या रविवारी आमच्या नानाखेड्याच्या घरात पोह्यांवर शेव पडायच्या आधीच लेकीचा व्हिडिओ कॉल आला. ती इंग्लंडात रेडिंगला असते. येत्या मे महिन्यात आम्ही दोघं पहिल्यांदाच तिच्याकडे जाणार आहोत, आणि तिथून चार दिवस पॅरिसला.

"आई, इंग्लिश खाडी कशी ओलांडायची ते ठरवा. बोट, बोगदा की बस? बस सगळ्यात स्वस्त पडते."

"बोट!" आमच्या यांनी चमचा खाली ठेवून जाहीर केलं. जन्म माळव्यात गेला, पण समुद्राचं भारी वेड. मुंबईला गेलो की चौपाटीवरून उठत नाहीत.

लेकीचा बेत असा होता : रविवारी रात्री बसने पॅरिसहून निघायचं, सोमवारी सकाळी लंडन आणि त्याच दुपारी आमचं भारताचं विमान. "एक दिवससुद्धा वाया जात नाही," ती म्हणाली. मी म्हटलं, "दोन दिवस थांब, मग सांगते."

मला आठवला तो बिजासनचा घाट.

आपल्या उज्जैनच्या मराठी घरांना महाराष्ट्रात जायचे दोन रस्ते पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहेत. एक रेल्वेचा, रतलाम, बडोदा, सुरत असा लांबचा फेरा. दुसरा सडकेचा : इंदूर, खलघाटला नर्मदा, मग सेंधवा, बिजासनचा घाट आणि उतरलं की शिरपूर. नकाशावर दुसराच जवळचा. १९९६ च्या पावसाळ्यात शिरपूरहून मामा अत्यवस्थ असल्याचा फोन आला, तेव्हा आम्ही जवळचा म्हणून तोच धरला. भाड्याची जीप, आम्ही सहा जण आणि मांडीवर दोन वर्षांची ही लेक, अंगात ताप घेऊन. घाटात पुढे ट्रक उलटला होता. रात्री नऊला थांबलेली जीप सकाळी सहाला हलली. पाण्याची एकच बाटली होती, ती मध्यरात्रीच संपली. मागे वळता येईना, पुढे जाता येईना. शिरपूरला पोचलो तेव्हा मामाला नेऊन आणलं होतं.

रेल्वेने गेलो असतो तर मामा भेटले असते, असं मी म्हणणार नाही. पण त्या रात्री एक गोष्ट कळली. निघताना सगळे विचारतात, पोचायला किती वेळ लागेल? अडकलो तर कुठे अडकू आणि तेव्हा हाताशी काय असेल, हे कोणी विचारत नाही. आता यांना रोज चार वेळा इन्सुलिन लागतं. म्हणून मी खाडीलाही तोच प्रश्न विचारला.

डोव्हर आणि फ्रान्सचा किनारा यांच्यात जेमतेम ३३ किलोमीटर पाणी आहे. डोव्हर ते कॅले बोट साधारण दीड तासाची. फोकस्टनहून ल शटल नावाची आगगाडी तुमची मोटार पोटात घेऊन बोगद्यातून ३५ मिनिटांत पलीकडे सोडते. १९९४ मध्ये उघडलेला हा बोगदा ५० किलोमीटरचा आहे. आणि लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनवरून युरोस्टार सव्वादोन तासांच्या आसपास थेट पॅरिसच्या मध्यात. म्हणजे ओलांडणं कुठलंही असो, फार मोठं नाही. वेळ खाते ती अलीकडची रांग.

तिथली पद्धत आपल्याला नवी वाटेल. फ्रान्सचे पोलीस तुमचा पासपोर्ट इंग्लंडच्याच भूमीवर, गाडी-बोटीत चढण्याआधी तपासतात. परतताना ब्रिटिश अधिकारी फ्रान्समध्ये. २०२१ पासून ब्रिटन युरोपच्या व्यवस्थेबाहेर गेल्यावर ब्रिटिश पासपोर्टांवरही शिक्के मारावे लागू लागले, आणि कड्याखालच्या डोव्हर बंदरात जागा तर तेवढीच. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपने ईईएस ही नवी संगणक नोंदणी टप्प्याटप्प्याने सुरू केली. त्यात शिक्क्याऐवजी प्रवाशाचा फोटो आणि बोटांचे ठसे घेतात. आपल्यासारख्या व्हिसावाल्यांचे ठसे व्हिसाच्या वेळीच घेतलेले असतात, पण रांग सगळ्यांची एकच.

बसचं गणित इथेच फिसकटतं. मोटारीत चार पासपोर्ट, बसमध्ये पन्नास; प्रत्येकाला उतरून खिडकीपुढे उभं राहावं लागतं. २०२३ च्या ईस्टरच्या सुट्टीत डोव्हरला शाळेच्या सहलींच्या बसगाड्या रात्रभर तिष्ठत होत्या. ते वाचलं आणि मला जीपमधली रात्र आठवली.

बोगदाही देवाने लिहून दिलेला नाही. डिसेंबर २००९ मध्ये बर्फामुळे पाच युरोस्टार गाड्या बोगद्यात बंद पडून दोन हजारांवर माणसं तासन्‌तास अडकली होती. वारा सुटला की बोटी रखडतात. भरवशाचं असं काहीच नाही, मग निवड करायची कशावर?

मी दोन दिवसांनी लेकीला सांगितलं. स्वतःची मोटार असेल आणि लहान मुलं असतील तर ल शटल बरी. रांगेत खाणं-पिणं आपल्याजवळ असतं. हातात वेळ असेल तर न्यूहेवनहून दिएपची चार तासांची बोट, डोव्हरची गर्दी टळते. आमच्याकडे मोटार नाही, सामान आहे आणि औषधं आहेत. तेव्हा युरोस्टार. स्टेशनावर बसायला जागा, प्यायला पाणी आणि स्वच्छतागृह असतं. रांग लागली तरी छपराखाली. तिकीट महाग आहे, तर पॅरिसचा एक दिवस कमी करा. आणि परतल्यावर विमानाआधी दोन रात्री रेडिंगला.

"आई, दोन दिवस वाया!"

"वाया नाहीत गं. तुझ्याजवळ आहोत ना."

ती जरा गप्प झाली. मग तिने विचारलं, "त्या जीपमध्ये मी रडत होते का?" मी सांगितलं, "नाही. ताप एवढा होता की रडायचंही बळ नव्हतं." तिला हे आजवर कधी सांगितलं नव्हतं. त्यानंतर तिने बसचा विषय काढला नाही.

तुम्हा तरुण मंडळींपैकी कितीतरी जण आता आई-बाबांना परदेशी बोलावता. त्यांच्यासाठी तीन गोष्टी लिहून ठेवा. शेंगेन व्हिसा त्यांनी भारतातूनच, निघण्याआधी काढावा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. ब्रिटनचा व्हिसा पुन्हा आत येऊ देणारा, मल्टिपल एंट्रीचा आहे ना, हे स्वतः वाचून पाहा. आणि औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत. डिकीत टाकलेलं इन्सुलिन रांगेत कामाला येत नाही.

आपली घाटातली सीमा तरी कुठे कायम मोकळी होती? मार्च २०२१ मध्ये कोरोनामुळे महाराष्ट्राच्या बसगाड्या बंद झाल्या, तेव्हा इथल्या कितीतरी माहेरवाशिणी अडकून पडल्या. १ जुलै २०२४ पासून मध्य प्रदेशाने सीमेवरचे परिवहन नाके बंद केले. इंदूर-मनमाड रेल्वेमार्गाला त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. तो झाला की आपला जवळचा रस्ता रेल्वेचाच होईल.

राहिली यांची बोट. त्यावर तोडगा लेकीनेच काढला. पोर्टस्मथहून आइल ऑफ वाइटला मोटारीसकट बोट जाते, पाऊण तासाची. दोन्ही किनारे इंग्लंडचेच, त्यामुळे पासपोर्ट, शिक्का, रांग काही नाही. त्या दोन 'वाया' दिवसांपैकी एक तिथे जाणार आहे.

यांनी आत्तापासूनच डेकवर उभं राहायला मफलर काढून ठेवलाय. उज्जैनात पारा चाळिशीकडे चाललाय, तरी!